निगेचा रकाना

महाराष्ट्रात सर्वांत जास्त रस्ते कोणत्या दशकात झाले, असा प्रश्न चारचौघांत टाकून पाहावा. उत्तरं ठरलेली येतात. कुणी नव्वदच्या दशकातले मुंबईचे उड्डाणपूल आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग सांगतो, कुणी अलीकडचा ‘समृद्धी’ महामार्ग. राज्याच्या आर्थिक पाहणीतला तक्ता मात्र भलत्याच काळाकडे बोट दाखवतो. १९६०-६१ मध्ये राज्यात सुमारे ३९ हजार किलोमीटर रस्ते होते. १९७०-७१ मध्ये ते ६५ हजारांवर गेले. आणि १९८०-८१ चा आकडा आहे १ लाख ४१ हजार. म्हणजे दहा वर्षांत दुपटीहून जास्त, रोजचे सरासरी वीस किलोमीटर. त्यानंतर तेवढीच भर पडायला वीस वर्षं लागली. २०००-०१ मध्ये आकडा २ लाख १७ हजारांपर्यंत पोचला.

सत्तरच्या त्या दशकात राज्याकडे ना मोठं कर्ज होतं, ना टोल, ना आजच्यासारखी यंत्रं. होता तो दुष्काळ, आणि हातात घमेलं घेतलेली माणसं.

रस्त्यांचा इतिहास आपण बहुधा मंत्र्यांच्या आणि उद्घाटनांच्या क्रमाने सांगतो. तो आखणी कोणी केली, मजुरी कोणी केली आणि पैसे कोणी भरले या क्रमाने सांगितला तर वेगळा दिसतो. हे तीन हात दर पिढीत बदलत गेले. बदलली नाही ती एक गोष्ट: प्रत्येक पिढीने रस्त्याची लांबी मोजली, निगा मोजली नाही.

बॅरिस्टर, अभियंते आणि पाच मैलांचा नियम

पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी अभ्यासाला बसले. ते ज्यांच्या नावाचं, त्या बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांचा देशाच्या रस्त्यांशी काय संबंध, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. १९२७ मध्ये सरकारने रस्त्यांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली आणि जयकर तिचे अध्यक्ष झाले. बैलगाडीसाठी केलेल्या खडीच्या रस्त्यांची मोटारीच्या रबरी चाकांनी दैना उडवली होती. धावत्या चाकाखाली बारीक बांधणीची माती उडून जाई आणि खडी सुटी होई. दुरुस्तीचा बोजा मात्र लोकल बोर्डांवर, आणि त्यांची तिजोरी रिकामी. समितीने पुढच्या वर्षी अहवाल दिला. रस्ता हा केवळ स्थानिक मामला नाही, देशानेही त्याचा खर्च उचलायला हवा, आणि जो मोटार चालवतो त्याच्याकडून तो घ्यावा, असं तिचं म्हणणं होतं. त्यातून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर आला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली तीही याच शिफारशींमुळे. आज आपण पंपावर इंधनासोबत रस्त्याचा जो उपकर भरतो, त्याचं मूळ इथे आहे.

पुढचं पाऊल नागपुरात पडलं. डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, देशभरातल्या प्रांतांचे मुख्य अभियंते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या या राजधानीत जमले. ‘नागपूर योजना’ या नावाने ओळखला जाणारा तो आराखडा म्हणजे भारतातल्या रस्त्यांची पहिली पद्धतशीर मांडणी. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही उतरंड तिथे पक्की झाली आणि आजतागायत मोडलेली नाही. चांगल्या शेतीच्या मुलखातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असं उद्दिष्ट ठरलं. त्यासाठी सूत्रं बसवली गेली. शेतजमिनीचं क्षेत्र किती, गावं किती, कोणत्या लोकसंख्येची, हे सगळं मांडून प्रांताच्या वाट्याला किती मैल रस्ता येतो ते काढायचं आणि वरच्या दर्जाच्या रस्त्यांच्या लांबीतून तिथल्या रेल्वेची लांबी वजा करायची. ज्या मुलखात आगगाडी आहे तिथे मोठा रस्ता थोडा कमी चालेल, असा सरळ हिशेब.

१९६१ ते ८१ च्या दुसऱ्या वीस वर्षांच्या योजनेने हे अंतर आणखी खाली आणलं. त्या योजनेचं नावच ‘मुंबई योजना’. शंभर चौरस किलोमीटरला बत्तीस किलोमीटर रस्ता, ही घनता तिने ठरवली. १९८१ ते २००१ च्या ‘लखनौ योजने’ने तोच आकडा ब्याऐंशीवर नेला आणि पाचशेहून जास्त वस्तीचं प्रत्येक गाव बारमाही रस्त्याने जोडण्याचं ठरवलं. राज्याची २००१ ते २१ ची योजना सुमारे ३ लाख ३७ हजार किलोमीटरचं लक्ष्य घेऊन आली.

या योजनांना नावं ठेवण्याचं कारण नाही. गावाचं रस्त्यापासूनचं अंतर हे विकासाचं माप मानणं ही त्या काळी पुरोगामी गोष्ट होती. पण उद्दिष्ट लांबीत मांडलं की यंत्रणा लांबी वाढवायच्या मागे लागते. रकाना जसा आखावा तसा तो भरला जातो.

तीन दिशांना तोंड केलेलं राज्य

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा त्याचे रस्ते एकमेकांशी बोलत नव्हते. मराठवाडा निजामाच्या राज्यात वाढलेला. त्याच्या वाटा हैदराबादकडे जाणाऱ्या. निजाम सरकारने आगगाडी आणि रस्ते वाहतूक एकाच खात्याखाली ठेवली होती आणि १९३२ पासून सरकारी बस सुरू केली होती, त्यामुळे मोठे रस्ते नीट होते. पण ते राजधानीशी जोडलेले होते, मुंबईशी नव्हे. विदर्भाचा ओढा नागपूरकडे, आणि तिथून जबलपूर, रायपूरकडे. वऱ्हाडातला कापूस रेल्वेच्या फाट्यांवरून जिनिंगपर्यंत आणि तिथून बंदरावर जाई. कोकणाचं तोंड समुद्राकडे. खाड्यांनी जागोजाग तोडलेल्या किनाऱ्यावर चाकरमानी बोटीने येत-जात.

घाट तर निसर्गानेच घातलेली सीमा. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना खुला झाला. पुढे थळ, कुंभार्ली, आंबा, फोंडा अशा वाटा रुंद होत गेल्या. पूर्वी बैलांचे तांडे जिथून चढले तिथूनच घाटरस्ते गेले, कारण सह्याद्रीत सोपी जागा शोधायचं काम तांड्यांनी आधीच करून ठेवलं होतं.

नव्या राज्याने १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणल्या आणि रस्त्यांची वाटणी झाली. वरचे मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या किलोमीटरच्या दगडाकडे पाहिलं तर ही उतरंड आजही दिसते: पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्गाचं, हिरवं राज्य मार्गाचं. दगडाचा रंग सांगतो की खड्डा पडला तर अर्ज कोणत्या कचेरीत द्यायचा. अर्जाचं पुढे काय होतं, ते दगड सांगत नाही.

त्या काळी रस्त्यासाठी सर्वांत मोठा दबाव होता तो एसटीचा. १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावर पहिली गाडी धावली होती. त्यानंतर ‘रस्ता तिथे एसटी’ हे महामंडळाचं ब्रीद झालं आणि ते उलटंही खरं ठरलं. गावात एसटी यावी म्हणून गावाने श्रमदानाने रस्ता करायचा, आमदाराकडे खेटे घालायचे, डेपोत निवेदन द्यायचं. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहिले तसे उसाच्या गाड्यांसाठी शिवारातले रस्ते झाले. जिथे कारखाना आणि दूधसंघ, तिथे रस्त्याला वाली. जिथे कोरडवाहू, तिथे नाही. हा फरक इतका वाढला की १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमावी लागली. तिने ‘अनुशेष’ मोजला तेव्हा त्यात सिंचनासोबत रस्त्यांचाही हिशेब होता.

खडी फोडली तेव्हा

आता सत्तरच्या त्या दशकाकडे.

१९७२ चा पाऊस गेला. त्याआधीची वर्षंही तुटीची होती. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलाने गेली, बाजारात आयात केलेली ‘मिलो’ ज्वारी आली. वसंतराव नाईकांच्या सरकारने दुष्काळी कामं काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात, कामांचा जोर सर्वांत जास्त असताना, त्यांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. जगात कुठेही एका वेळी इतक्या लोकांना सरकारने कामाला लावल्याची उदाहरणं फार थोडी. तलाव, बंडिंग, पाझर तलाव ही कामं होतीच. पण लवकर सुरू होणारं, कुठेही काढता येणारं काम म्हणजे रस्ता आणि खडी. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्या तोंडी ‘आम्ही बहात्तरला खडी फोडली’ हे वाक्य असतंच. कष्टाच्या दिवसांचं ते परिमाण झालं आहे.

काम असं चाले. डोंगराच्या कुशीत खाण धरायची, दगड काढायचा, झाडाच्या नाहीतर गोणपाटाच्या सावलीत बसून हातोडीने तो ठरल्या मापाचा फोडायचा. बहुतेक बायाच. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, डोळ्यांत कपच्या उडू नयेत म्हणून मान कलती. फोडलेल्या खडीचे चौकोनी ढीग लावायचे, म्हणजे कारकुनाला टेपने माप घेता येतं. माप ब्रासमध्ये आणि मजुरी मापावर. ढीग पोकळ रचला तर कारकून काठी खुपसून पाही. हजेरीपटावर अंगठा. दुपारी ‘सुकडी’ मिळे. त्या पिठाची चव आजही कित्येकांना आठवते. कामावरच पाळणे टांगलेले. आणि पगार हप्त्याचा, तोही वेळेवर झाला तर.

या आपत्तीतून एक कायमची योजना निघाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. तीच रोजगार हमी. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसला होता. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे बीडच्या बाईच्या मजुरीला जात होते. आणि त्या मजुरीतून गावाला रस्ता मिळत होता. देशाने २००५ मध्ये जो रोजगार हमीचा कायदा केला, त्याचा वस्तुपाठ हाच.

पण त्या रस्त्यांत एक मूळचं वैगुण्य होतं आणि ते नियमातच बसवलेलं होतं. खर्चाचा किमान साठ टक्के भाग अकुशल मजुरीवर पडला पाहिजे, अशी अट. हेतू स्वच्छ होता: पैसा ठेकेदाराकडे आणि यंत्राकडे न जाता मजुराकडे जावा. परिणाम असा झाला की ज्या कामात हात जास्त लागतात ते झालं. मातीकाम झालं, खडी पसरली. ज्याला सिमेंट, लोखंड, डांबर आणि गवंडी लागतो ते राहिलं. ओढ्यावरची मोरी राहिली, नाल्यावरचा पूल राहिला, वरचा डांबराचा थर राहिला.

दख्खनच्या मुलखात हे फार महागात पडतं. आपली काळी जमीन कापसाला आणि ज्वारीला जितकी चांगली तितकी रस्त्याला वाईट. पावसात फुगते, उन्हात आकसते, हातभर भेगा पडतात. तिच्यावर रस्ता टिकवायचा तर खाली मुरमाचा जाड थर हवा. त्यावर दगडी सोलिंग, मग खडी, कडेकडून मध्याकडे रोलर, पाणी मारून मुरूम भरायचा, पुन्हा रोलर. शेवटी डांबर. आणि दोन्ही बाजूंना गटार, म्हणजे पाणी थांबणार नाही. यांतली एक पायरी गाळली तरी पहिल्या पावसात चाकोऱ्या पडतात. रोजगार हमीवरच्या कितीतरी रस्त्यांच्या शेवटच्या पायऱ्या झाल्याच नाहीत. कागदावर किलोमीटर वाढले. बैलगाडी गेली, सुगीत ट्रकही गेला, पण पावसाळ्यात एसटी फाट्यावरच थांबली.

तरीही मी त्या रस्त्यांना वाया गेले म्हणणार नाही. आखणी झाली, जमीन मिळाली, गाव नकाशावर आलं. नंतरच्या पिढ्यांनी डांबर टाकलं ते बहुतांशी याच मातीकामावर. २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने आणि २०१५ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेने गावांना पक्के रस्ते दिले, तेव्हा ते कुठून न्यायचे हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी बहात्तरच्या हातांनी आधीच सोडवून ठेवलेला होता.

मैलकुली गेला

रस्ता करणाऱ्यांच्या गोष्टी निघतात. राखणाऱ्याची निघत नाही. तो होता मैलकुली. बांधकाम खात्याचा सर्वांत खालचा नोकर. ठराविक मैलांची त्याच्याकडे जबाबदारी. उन्हाळा संपता संपता गटारं उपसायची, मोऱ्यांच्या तोंडातला गाळ काढायचा, साईडपट्टीचा मुरूम सारखा करायचा, लहान खड्डा दिसला की खडी-डांबराने भरायचा, कडेच्या वडा-चिंचांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे द्यायचे. गटार साफ करणं हे ऐकायला मामुली वाटतं, पण रस्त्याचा खरा वैरी ट्रक नव्हे, पाणी. पृष्ठभागावर थांबलेलं पाणी डांबराच्या फटीतून खाली उतरतं, खालचा थर भुसभुशीत करतं, आणि मग वरून गेलेलं प्रत्येक चाक खड्डा मोठा करतं. जून महिन्याआधी फावड्याने केलेलं दोन दिवसांचं काम ऑक्टोबरातलं मोठं टेंडर वाचवतं.

हळूहळू ही पदं रिकामी होत गेली. भरती थांबली, काम ठेकेदाराकडे गेलं. ठेकेदार खड्डा पडल्यावर येतो. मैलकुली पडू नये म्हणून फिरत असे.

हे का झालं याचं उत्तर अंदाजपत्रकात आहे. कित्येक दशकं सरकारी खर्चाचे दोन भाग होते: योजनांतर्गत आणि योजनेतर. नवा रस्ता योजनांतर्गत; देखभाल योजनेतर. ‘योजनेतर’ या शब्दालाच उधळपट्टीचा वास चिकटलेला. काटकसरीचं फर्मान निघालं की पहिली कात्री तिथेच. आमदाराला नव्या रस्त्याचा नारळ फोडता येतो. साफ केलेल्या गटारीचं उद्घाटन कसं करणार? २०१७ च्या सुमारास हा भेद अंदाजपत्रकातून गेला. त्याच वर्षी बांधकाम मंत्री चंद्रकांत पाटील यांनी १५ डिसेंबर ही रस्ते खड्डेमुक्त करण्याची तारीख जाहीर केली होती. तारीख आली आणि गेली. मूळ सवय शिल्लक राहिली. २०२५ मध्ये थकलेल्या देयकांसाठी कंत्राटदारांच्या संघटना रस्त्यावर आल्या. तिजोरीत आहे त्याहून जास्त कामं मंजूर करायची आणि बिलं पुढे ढकलायची, हा त्याच सवयीचा नवा अवतार.

टोल

निगेचा प्रश्न एका ठिकाणी सुटल्यासारखा वाटला. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं आणि बांधकाम खातं नितीन गडकरींकडे गेलं. १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं. कल्पना अशी की रस्ता अंदाजपत्रकाची वाट पाहणार नाही. महामंडळ बाजारातून कर्ज उभारेल आणि टोलमधून फेडेल. मुंबईतल्या उड्डाणपुलांपाठोपाठ मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आला. ९४.५ किलोमीटर, सहा पदरी, सिमेंट काँक्रीटचा, ठराविक ठिकाणीच आत-बाहेर करता येणारा. आधी आलेली महागडी खासगी निविदा नाकारून महामंडळाने तो सुमारे १,६०० कोटींत केला. २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला आणि त्याला यशवंतराव चव्हाणांचं नाव दिलं गेलं.

मराठी माणसाच्या मनात रस्त्याचं चित्र या मार्गाने बदललं. तोवर बोरघाट म्हणजे तापलेलं इंजिन, बाटलीतलं पाणी आणि गाड्यांची रांग. घाटाच्या पट्ट्यात मात्र जुना आणि नवा मार्ग एकत्र आला आणि कोंडी तिथेच राहिली. तिच्यावर उतारा म्हणून २०१९ मध्ये ‘मिसिंग लिंक’ हाती घ्यावी लागली: १३ किलोमीटरहून थोडी लांब, त्यात जवळपास नऊ किलोमीटरचा बोगदा.

२००४ मध्ये महामंडळाने या मार्गाची टोलवसुली पंधरा वर्षांसाठी एका खासगी कंपनीला दिली आणि ९१८ कोटी रुपये आगाऊ घेतले. पुढच्या पंधरा वर्षांची मिळकत आज हातात आली. इथे टोलची अडचण सुरू झाली. लोकांना वाटलं, खर्च वसूल झाला की टोल थांबेल. सरकारला वाटलं, ही मिळकत दुसऱ्या कामांना वापरता येईल. दोघांत हिशेब उघडा नव्हता. कोल्हापुरात तर शहरातल्याच रस्त्यांसाठी टोल लागणार म्हटल्यावर गाव पेटून उठलं. प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांनी त्या लढ्याचं नेतृत्व केलं आणि अखेर टोल गेला. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी राज्यातले १२ नाके बंद करण्याची आणि ५३ नाक्यांवर लहान गाड्या व एसटीला सूट देण्याची घोषणा केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल माफ झाला.

टोलविरोधात तथ्य होतं. पण एक गोष्ट कबूल करावी लागते. टोलच्या रस्त्याचे खड्डे बुजतात, कारण तिथे कोणाची तरी रोजची मिळकत रस्त्याच्या स्थितीवर अवलंबून असते. परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या इतर जिल्हा मार्गावर कोणाचंच काही अवलंबून नसतं. असतं ते फक्त तिथून दवाखान्यात जाणाऱ्याचं.

सावित्रीचा पूल

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ सावित्री दुथडी भरून वाहत होती. मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह काही वाहनं अंधारात थेट नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसं दगावली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरवला गेला होता.

त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. जून २०१७ मध्ये, पुढच्या पुराच्या आधी, तो वाहतुकीला खुला झाला. कौतुक झालं, ते रास्तही होतं. पण हे दोन काळ शेजारी ठेवून पाहावेत. पूल बांधायला १६५ दिवस पुरतात. मग त्याआधीची कितीतरी वर्षं तो जुना पूल कोणाच्या रकान्यात होता? आपल्याला बांधता येत नाही असं नाही. राखणं हे कोणाचंच काम नाही, ही खरी गोष्ट.

कोकणच्या महामार्गाची कथा तर दोन्हीकडून तोट्याची. चौपदरीकरण होणार म्हणून जुन्या रस्त्याकडे दुर्लक्ष, आणि चौपदरीकरण काही संपत नाही. पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ पासून चाललं आहे. मुदती किती उलटल्या याची मोजदाद उच्च न्यायालयात होत आली. गणपतीला निघालेला चाकरमानी दरवर्षी त्याच धुळीतून आणि त्याच वळणरस्त्यांवरून जातो. मधल्या काळात कशेडीला बोगदा झाला, परशुराम घाट रुंद झाला, मार्गाचा क्रमांक १७ चा ६६ झाला. अंतुले मुख्यमंत्री असताना पाहिलेलं रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं स्वप्नही अजून खाड्या ओलांडतंच आहे.

रस्ता जवळ, वाट दूर

समृद्धी महामार्ग हा या साऱ्या वाटचालीतला सर्वांत मोठा उद्योग. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, ३९२ गावं. २०१५ मध्ये घोषणा झाली. आधी जमीन एकत्रीकरणाचा विचार होता. शेतकऱ्यांनी, विशेषतः नाशिक-ठाण्याकडच्यांनी, कडवा विरोध केला तेव्हा थेट खरेदी सुरू झाली आणि मोबदला बाजारभावाच्या कितीतरी पट मिळाला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा, कसाऱ्याजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यासह. नागपूर-मुंबई प्रवास सोळा तासांवरून आठवर आला. १९६० मध्ये ज्या राज्याचे तीन भाग तीन दिशांना तोंड करून उभे होते, त्याला इतक्या वेगाने शिवणारा हा पहिला रस्ता, हे मान्य करायला हवं.

पण नागपूर योजनेचा पाच मैलांचा नियम इथे आठवतो. त्या योजनेत रस्त्याचं यश म्हणजे गावाचं त्याच्यापासूनचं अंतर. समृद्धी गावाच्या शिवारातून जाते, बांधाला बांध लावून जाते. पण तिच्यावर चढायचं तर इंटरचेंज गाठावा लागतो. ज्याची जमीन गेली त्याला खालच्या भुयारी वाटेने पलीकडच्या रानात जायचं आहे. वेगाच्या रस्त्याला असं कुंपण लागतंच, त्यात चूक नाही. फक्त गावाला जोडणारा रस्ता आणि वेगाचा रस्ता या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो आणि दोन्हींची किंमत एकाच खात्यावर मांडतो. एका हेतूचे पैसे दुसऱ्यावर जातात, हे मग दिसत नाही.

निगेचा धडाही इथे पहिल्याच वर्षी मिळाला. पहिला टप्पा खुला झाला तेव्हा वाटेत थांबायला जागा, स्वच्छतागृहं, पंप यांचा दुष्काळ होता. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला डुलकी लागते, टायर तापून फुटतात. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्यानंतर तपासणी, टायरची पाहणी, समुपदेशन असे उपाय आले. रस्ता आधी आणि त्याची व्यवस्था नंतर, ही जुनीच रीत.

आता पवनारपासून पत्रादेवीपर्यंत, सुमारे ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला आहे. जून २०२५ मध्ये भूसंपादनासाठी २० हजार कोटींहून जास्त रकमेला मंजुरी मिळाली. कोल्हापूर, सांगलीच्या बागायतीत विरोध धगधगतो आहे, मराठवाड्यातही आहे. विरोधकांचा एक प्रश्न साधा आहे: नागपूरहून दक्षिणेकडे जाणारे रस्ते आधीच आहेत, ते नीट का करत नाही? त्याचं उत्तर देताना शासन रोजगार, पर्यटन, मागास जिल्ह्यांचा विकास सांगतं. ही कारणं खोटी नाहीत. पण ‘आहे ते नीट करू’ या पर्यायाचा खर्च किती येईल, हा तक्ता शेजारी ठेवलेला मी पाहिलेला नाही.

पुढच्या योजनेकडे मागणं

साठ-पासष्ट वर्षांचा हा पट पाहिल्यावर महाराष्ट्राला रस्ते करता येत नाहीत, असं कोणी म्हणू शकणार नाही. दुष्काळात उपाशी पोटी केले, कर्ज काढून केले, डोंगर पोखरून केले. आता तीन लाख किलोमीटरांच्या पुढे गेलेल्या राज्यात आणखी काही हजार किलोमीटरांनी गावाचं आयुष्य फारसं बदलणार नाही. आहेत ते बारा महिने चालू राहिले तर बदलेल.

त्यासाठी नवी अभियांत्रिकी लागत नाही. प्रत्येक पुलाचं बांधकामाचं वर्ष, शेवटच्या पाहणीची तारीख आणि पाहणी करणाऱ्याचा हुद्दा पुलाच्या कठड्यावरच लिहिता येतो. नव्या रस्त्यांच्या फलकावर दोषदायित्व कालावधी लिहिण्याची पद्धत आहेच. तो संपल्यावर जबाबदारी कोणाची, तेही त्याच फलकावर लिहिता येईल. नवं काम मंजूर करताना त्याच्या पंधरा वर्षांच्या देखभालीची रक्कम त्याच ठरावात बाजूला काढावी. ती काढायची ऐपत नसेल तर ते काम आपल्या ऐपतीबाहेरचं आहे, हे आधीच कळेल. आणि दर पाच-सात किलोमीटरला फावडं घेतलेला एक माणूस, ज्याला पगार वेळेवर मिळतो आणि ज्याचं नाव गावाला माहीत असतं. बहात्तरला ज्या राज्याने पन्नास लाख हातांना काम दिलं त्याला हे अवघड नाही. रोजगार हमीच्या नियमांत हे बसत नसेल तर नियम बदलावा. तो कायदा आपणच देशाला शिकवला आहे.

येत्या निवडणुकीत कोणी मतं मागायला दारात आला आणि किती किलोमीटर केले ते सांगू लागला, तर त्याला एवढंच विचारावं: त्याआधी केलेल्यांपैकी किती किलोमीटर कोणाच्या नावावर आहेत?